हनीफभाईंच्या मागं कुणी उभं राहायचं नाही

परवा आमच्या कंपनीत सुरक्षा सप्ताहाचा समारोप झाला. मांडव घातला होता, सगळ्यांना नव्या पिवळ्या टोप्या वाटल्या होत्या, आणि मॅनेजरसाहेबांनी उजवा हात पुढं करून आमच्याकडून शपथ म्हणवून घेतली. मग भाषणात म्हणाले, आपल्याकडं सुरक्षिततेची शिस्त पहिल्यापासून आहे, ती टिकवायची आहे. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारी बसलेल्या बाईंनी कोपरानं ढोसलं, तरी नाही वाजवल्या. पहिल्यापासून शिस्त म्हणे. ज्या माणसानं ती शिस्त एकट्यानं पाळली, त्याला तुम्ही गेटच्या बाहेर घातलंत आणि आता टोप्या वाटताय? हनीफभाई आठवले की माझं डोकं असं सणकतं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

मी अजून तिथंच नोकरीला आहे, तेव्हा कंपनीचं नाव लिहीत नाही. नगरच्या एमआयडीसीत प्रेसवर पत्र्याचे भाग काढणारे कारखाने पुष्कळ आहेत, त्यातलाच एक समजा. मी स्टोअरला आहे. येणारा माल माझ्या खिडकीसमोरून आत येतो आणि जाणारा तिथूनच बाहेर जातो. हे सगळं ने-आण करणारं यंत्र म्हणजे फोर्कलिफ्ट. पुढं दोन लोखंडी काटे, ते वर-खाली करणाऱ्या साखळ्या, मधे चालवणारा, आणि मागं ओझं तोलून धरायला भलामोठा लोखंडी ठोकळा. लोकांना वाटतं कारखाना प्रेसवर चालतो. अहो, प्रेसला पत्रा कोण नेऊन देतं? साचा कोण चढवतं? तयार मालाच्या पेट्या ट्रकमध्ये कोण ठेवतं? फोर्कलिफ्ट एक दिवस बंद पडली तर अख्खी शिफ्ट हाताची घडी घालून बसते. आणि ती चालवणाऱ्याचं नाव आमच्या कागदांमध्ये 'इतर कामगार' या रकान्यात असतं.

शेख हनीफ हे त्या 'इतर'मधलं नाव. मूळचे नेवासा तालुक्यातले, प्रवरेच्या काठच्या एका खेड्यातले, राहायला मुकुंदनगरला. बुटका बांधा, पांढरी दाढी, खाकी शर्ट आणि शर्टाच्या खिशात कायम एक तेलकट चिंधी. मी नोकरीला लागले तेव्हा ते तिथं होतेच. कामगार त्यांना चाचा म्हणत, मी हनीफभाई म्हणे आणि ते मला ताई.

सकाळी आल्याबरोबर माझ्या खिडकीवर चावीच्या रजिस्टरला सही करायची, वेळ घालायची आणि चावी घ्यायची. चावी घेतली तरी गाडी लगेच चालू व्हायची नाही. आधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी. गुडघे कटकन वाजवत खाली वाकून तेल गळतंय का बघायचं. काटे जिथं वळतात त्या कोपऱ्यावरून बोट फिरवायचं, चीर गेलीय का म्हणून. चिंधीनं साखळी पुसायची आणि हातानं ओढून बघायची. मग तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणून वर चढायचं. यात पंधरा मिनिटं जायची आणि आमचे सुपरवायझर गाडेकर रोज चडफडायचे. एकदा म्हणाले, चाचा, रोज रोज काय नवरी बघायला आल्यासारखं बघता? हनीफभाई साखळी पुसता पुसता म्हणाले, साहेब, नवरी बघताना चुकलं तर माझं एकट्याचं चुकतंय, हितं चुकलं तर तुमचंबी चुकंल. सगळा शॉप हसला. गाडेकरही हसले, पण त्यांना ते लागलं असावं.

हॉर्नची तर मला स्वतःलाच कटकट व्हायची. माझ्या खिडकीपाशी एक आंधळं वळण आहे. तिथं आलं की हे तीनदा हॉर्न वाजवणार म्हणजे वाजवणार. मी फोनवर पुण्याच्या पार्टीशी बोलतेय, पलीकडचा हॅलो हॅलो करतोय, आणि यांचं आपलं पों पों पों. एक दिवस वैतागून म्हटलं, हनीफभाई, इथं मी एकटीच असते आणि तुम्ही येताय हे मला न बघता कळतं, कशाला ते वाजवता? गाडी थांबवून, काटे जमिनीला टेकवून, शांतपणे म्हणाले, तुमाला म्हाईत हाय ताई, पन तुमच्याकडं कोन आलंय ते मला कुठं म्हाईत हाय? त्यानंतर पों पों ऐकलं की फोनवरच्या माणसालाच थांबा म्हणायची सवय लागली.

काटे जमिनीला टेकवल्याशिवाय ते खाली उतरत नसत. आणि उचललेल्या काट्याखालून कुणाला जाऊ देत नसत. कुणालाही म्हणजे कुणालाही. एकदा हेड ऑफिसचे मोठे साहेब आले होते. मागं आमचे मॅनेजर, त्यांच्या मागं वहीवाले, कॅमेरावाले. बोलता बोलता मोठे साहेब सरळ वर उचललेल्या पेटीखालून निघाले. हनीफभाईंनी इंजिन बंद केलं, चावी काढून हातात घेतली आणि म्हणाले, साहेब, तिकडनं या. आमच्या मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मोठे साहेब मात्र दोन पावलं मागं सरले, वळसा घालून आले, हनीफभाईंच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी फोटोसुद्धा काढून घेतला. तो फोटो कंपनीच्या अंकात छापून आला. आणि त्याच आठवड्यात हनीफभाईंच्या हातात लेखी समज पडली, पाहुण्यांशी उर्मटपणे वागल्याबद्दल. एकाच गोष्टीसाठी फोटो आणि समज! मी तो कागद वाचून संतापले होते. ते म्हणाले, जाऊ द्या ताई, साहेबाच्या डोक्यावर पेटी पडली न्हाई ना, मग झालं.

खंडेनवमीला मशिनची पूजा व्हायची तेव्हा ते आदल्या दिवशी फोर्कलिफ्ट धुऊन लखलखीत करत. हळदीकुंकू लावा, नारळ फोडा, त्यांची ना नव्हती. फक्त भटजींना सांगायचे, हार साखळीला नको, दोरा गुंततोय, छताला बांधा. आणि पूजा झाल्यावर पेढा खाऊन पहिल्यांदा दोऱ्याचा तुकडा कुठं राहिला नाही ना ते बघायचे.

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार वेगळी वाटायची. रमजानमध्ये ते स्वतः गाडेकरांकडं जाऊन सांगत, जड साचे सकाळी द्या, दुपारी चारनंतर माझा हात हालतोय, तवा मी जड उचलनार न्हाई. आता मला सांगा, आपला हात हलतो हे वरिष्ठाला आपणहून कोण सांगतं? आम्ही सगळे आपापली दुखणी लपवून नोकऱ्या करतो. कमरेचा पट्टा शर्टाच्या आत बांधतो. या माणसाला त्यात कमीपणा वाटायचा नाही. गाडेकर त्यावरून टिंगल करायचे, चाचा म्हातारे झाले म्हणायचे, पण जड साचे सकाळी चढायचे.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक फोर्कलिफ्टला किती वजन उचलायचं ते ठरलेलं असतं. आमची तीन टनांची. त्याच्यावर वजन गेलं की पुढचं ओझं जिंकतं आणि गाडीची मागची चाकं जमीन सोडतात. हिची गंमत अशी की ही वळते मागच्या चाकांवर. ती चाकं उचलली गेली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी कुणाचं ऐकत नाही. यावर आमच्या कारखान्यांनी काय उपाय शोधून काढलाय माहीत आहे? मागच्या ठोकळ्यावर दोन माणसं उभी करायची. वजनाला वजन. जाडजूड असली तर उत्तम. एमआयडीसीत कुठंही जा, हे दिसेल. त्याला कुणी नियमभंग म्हणत नाही, कामाची पद्धत म्हणतात.

हनीफभाई हे करत नसत. त्यांच्या मागं कुणी उभं राहायचं नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, एवढं काय तुमचं त्यावर? त्यांनी डबा बंद केला आणि बराच वेळ बोलले. एरवी त्यांना दोन वाक्यांच्या वर बोलायची सवय नव्हती. सांगितलं ते असं. तरुणपणी श्रीरामपूरकडं एका गोदामात असताना ते बेधडक माणसं मागं उभी करून चालवत. मग इथं आले. इथं तेव्हा कुणाला हे ठाऊक नव्हतं. एक साचा उचलेना, तेव्हा यांनीच दोघांना म्हटलं, चढा मागं. साचा उचलला. साहेबानं पाठ थोपटली. गाडेकर त्या वेळी नवीन लागलेले, ते शेजारीच उभे होते. मग हे रोजचंच झालं. एक दिवस मागची चाकं वीतभर वर आली, मागचा माणूस उडी मारून बाजूला झाला आणि हसायला लागला. सगळेच हसले. हनीफभाईंनी ओझं खाली ठेवलं, चावी काढली, आणि त्यांना गाडीवरून उतरताच येईना, इतके पाय कापत होते.

"कुनाला लागलं न्हाई ताई," ते म्हणाले. "म्हनून कुनी शिकलं न्हाई. ही पद्धत हितं मी आनली. ती काढायची पन मलाच पायजे."

त्या दिवसापासून त्यांनी एकदाही माणूस मागं घेतला नाही. जड काही आलं की ते क्रेन मागत. नगरला क्रेन भाड्यानं मिळते, फोन केला की येते. पण क्रेन मागवायची म्हणजे वरून मंजुरी घ्यावी लागते आणि मंजुरी मागितली की सुपरवायझरला विचारतात, तुला जमत नाही का? म्हणून गाडेकरांचा आणि यांचा कायमचा खटका.

गेल्या दिवाळीच्या आधी, कामाची घाई असताना, ट्रेलरवरून एक नवा साचा आला. लाकडी खोक्यात बांधलेला. चलन माझ्या हातात होतं, वजन चार टनांच्या वर. हनीफभाईंनी चलन वाचलं आणि क्रेन मागवा म्हणाले. गाडेकर म्हणाले, ट्रेलर सोडायचाय, लाईन खोळंबलीय, पाच मिनिटांचं काम आहे, दोघांना मागं घ्या. हनीफभाई माझ्या खिडकीवर आले. चावी पुढं ठेवली.

"जमा करून घ्या ताई. येळ लिवा."

मी अकरा वाजून दहा मिनिटं अशी वेळ घातली, त्यांनी सही केली. पाठोपाठ गाडेकर आले, खिडकीतून हात घातला आणि चावी उचलली. मी म्हटलं, सही करा. ते म्हणाले, नंतर करतो. मी त्यांचा हात धरला नाही. धरायला हवा होता, हे आता म्हणून काय उपयोग.

गाडेकर स्वतः गाडीवर बसले. त्यांच्याकडं ना परवाना ना सराव. मागं चढवली दोन कंत्राटी माणसं. त्यातला एक भगवान, पाथर्डीकडचा. चाळिशीचा माणूस, बायकोबरोबर बारा-पंधरा हंगाम ऊस तोडलेला, आता मुलीच्या शाळेसाठी नगरला खोली करून राहिलेला. हनीफभाई जाऊन त्याला म्हणाले, उतर. भगवाननं गाडेकरांकडं बघितलं. कंत्राटी माणूस दुसरं काय करणार? साहेब उतर म्हणाले असते तर उतरला असता. साहेब काही बोलले नाहीत.

खोकं ट्रेलरवरून उचललं गेलं, गाडी मागं यायला लागली आणि मागची चाकं वर आली. गाडेकर घाबरले, त्यांनी ओझं धाडकन परत ट्रेलरवर सोडलं. वर आलेला मागचा भाग तसाच खाली आदळला. एकजण उडी मारून लांब पडला. भगवान घसरला आणि त्याचा डावा पाय चाकाखाली गेला. तो आवाज मी लिहिणार नाही. हनीफभाई धावले, गाडेकरांना दंडाला धरून खाली ओढलं, स्वतः वर चढले आणि गाडी बोटभर बोटभर पुढं घेत त्याचा पाय मोकळा केला. तेवढ्यात ऑफिसातून साहेब लोक पळत आले. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की भगवान खाली पडलाय आणि फोर्कलिफ्टवर हनीफ बसलाय.

झालं. संध्याकाळपर्यंत अहवाल तयार. ऑपरेटर शेख हनीफ यांच्या हलगर्जीपणामुळे. गाडेकर गप्प. मला कळलं तेव्हा मी चावीचं रजिस्टर घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलावर उघडून ठेवलं. म्हटलं, अकरा दहाला चावी जमा आहे, ही सही बघा, हे माझं अक्षर बघा. मॅनेजरनी चष्मा लावून बघितलं. रजिस्टर ठेवून जा म्हणाले. मी म्हटलं, फोटो काढून घ्या, रजिस्टर माझ्या ताब्यातलं आहे. नोकरीत तेवढं एकच शहाणपण मी केलं असेल. त्यानंतर गाडी हनीफ चालवत होते असं म्हणायची सोय राहिली नाही.

मग चौकशी बसली. हनीफभाईंना म्हणाले, तुमचं म्हणणं लेखी द्या. त्यांचं अक्षर वाकडंतिकडं, म्हणून ते माझ्याकडं आले आणि ते सांगतील तसं मी उतरवून घ्यायला बसले. सगळं नीट सांगितलं त्यांनी. चलन, वजन, क्रेन मागितली, चावी दिली, भगवानला उतर म्हटलं. मी म्हटलं, झालं, करा सही. ते म्हणाले, थांबा, अजून हाय. आणि सांगायला लागले, मागे माणूस उभा करायची पद्धत या कंपनीत मी सुरू केली, ती माझी चूक आहे.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, हनीफभाई, हे कुणी विचारलंय का? हे जुनं मढं उकरून काढायची काय गरज आहे? तुम्हाला अक्कल आहे का? असं मी त्यांना म्हणाले, वडलांच्या वयाच्या माणसाला. ते रागावले नाहीत. म्हणाले, भगवानचा पाय गेला ताई, गाडेकरानं एकट्यानं न्हाई घालवला, गाडेकराला ते शिकवलं कुनी? हे लिवलं न्हाई तर बाकीचं खरं लिवून काय फायदा? मी पुष्कळ वाद घातला. शेवटी लिहिलं. ते वाक्य माझ्या अक्षरात आहे.

आणि त्या लोकांनी काय करावं? दोन पानांच्या त्या जबाबातलं तेवढंच वाक्य लाल पेनानं अधोरेखित केलं. बाकी सगळं सोडलं. क्रेन सोडली, चलन सोडलं, गाडेकर सोडला. अंतिम अहवालात लिहिलं की अपघातास कारणीभूत ठरलेली धोकादायक पद्धत आपणच सुरू केल्याची सदर कामगाराने लेखी कबुली दिली आहे. सदर कामगाराने! त्या अहवालावर चार सह्या आहेत आणि चारपैकी एकाही माणसानं आयुष्यात स्वतःची चूक कागदावर कबूल केलेली नसणार, हे मी पैजेवर सांगते. खरं बोलणारा एकच सापडला, म्हणून तोच दोषी.

भगवानचं अर्धं पाऊल काढावं लागलं. कंपनी म्हणाली, तो आमचा नाही, कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणाला, अपघात कंपनीत झाला. हनीफभाई दर शुक्रवारी नमाज झाला की त्याला बघायला दवाखान्यात जात. मी एकदा बरोबर गेले होते. भगवान मला म्हणाला, "चाचा उतर म्हनले हुते. मी साहेबाकडं बघितलं. काय करावं?" त्याची बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

हनीफभाईंपुढं दोन वाटा ठेवल्या. एक तर बडतर्फी, तीही शेऱ्यासकट. नाही तर स्वतःहून राजीनामा द्यायचा, मग कंपनी अनुभवाचा स्वच्छ दाखला देईल. चौपन्न वर्षांच्या ऑपरेटरला दाखल्याशिवाय कोण उभं करतं? कोपरगावकडच्या एका गोदामाशी त्यांचं बोलणं झालं होतं, ते घ्यायला तयार होते, पण दाखला घेऊन या म्हणाले होते. हनीफभाईंनी राजीनामा दिला. सव्वीस वर्षांचा एक कागद, तो मिळाला की पुढं काम. त्यांना कंपनीकडून दुसरं काहीच नको होतं.

दाखल्याला दीड महिना लावला. सही राहिली, शिक्का राहिला, साहेब बाहेरगावी. शेवटी एके दिवशी फोन आला, अकरा वाजता येऊन घेऊन जा. हनीफभाई आले. पांढरा धुतलेला शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात परवान्याची फाईल. एचआरचे साहेब म्हणाले पंधरा मिनिटं बसा, तेव्हा ते माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले. कोपरगावला सोमवारपासून जायचं, पोरीच्या सासरी तिथं जवळच राहायची सोय होईल, असं सांगत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना हसताना बघितलं.

माझ्या खिडकीतून माल उतरवायची जागा समोर दिसते. तिथं एक ट्रेलर लागला होता, वर मोठं खोकं. फोर्कलिफ्टवर नवा ऑपरेटर, खाली उभे राहून हातवारे करणारे गाडेकर. हो, गाडेकरच. अपघातानंतर मागच्या ठोकळ्यावर पिवळ्या रंगात पाटी रंगवून घेतली होती, येथे उभे राहू नये अशी. दोन कंत्राटी माणसं त्या ठोकळ्यावर चढली. त्यांच्या पायांनी पाटी झाकली गेली.

हनीफभाईंचं बोलणं अर्ध्यात थांबलं. मला म्हणाले, ताई, ही पिशवी जरा ठेवा. मी म्हटलं, हनीफभाई, आज नको, तुमचा कागद आत तयार आहे, आज नको. ते गेले. पळाले नाहीत, ओरडले नाहीत. सरळ चालत गेले आणि फोर्कलिफ्टच्या मागं दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. त्यांना ठाऊक होतं, पुढं ट्रेलर आहे, ओझं उचललं की गाडीला मागंच यावं लागणार, आणि मागं ते. नव्या ऑपरेटरनं वळून बघितलं आणि इंजिन बंद केलं.

गाडेकर अंगावर धावून आले. चाचा, तुमचा इथं काय संबंध, बाहेर व्हा. मग एचआरचे साहेब आले. त्यांच्या हातात पाकीट होतं. खिडकीतूनही मला त्यावरचा कंपनीचा छाप दिसत होता. ते समजुतीच्या सुरात म्हणाले की दाखला तयार आहे, सही झाली आहे, गेटवर चला, घ्या आणि शांतपणे जा. हनीफभाईंनी पाकिटाकडं बघितलं.

"ह्यास्नी उतरवा," ते म्हणाले. "मग येतो."

एचआरच्या साहेबांनी पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि म्हणाले, मग हा विसरा. हनीफभाई हलले नाहीत. एवढ्या उन्हात सगळा शॉप दारात येऊन उभा होता आणि कुणी एक शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही. शेवटी ठोकळ्यावरचा एकजण आपणहून खाली उतरला. मग दुसराही उतरला. उतरताना तो हनीफभाईंना ओशाळून म्हणाला, "चाचा, पाच मिनिटांचं काम हुतं."

"भगवानचंबी पाच मिनिटांचंच हुतं," हनीफभाई म्हणाले.

सिक्युरिटीच्या दोघांनी त्यांना दंडाला धरून गेटकडं चालवलं. वाटेत त्यांनी माझ्याकडून पिशवी घ्यायची परवानगी मागितली. मी पिशवी देताना रडत होते, आणि मला त्यांचाही राग आला होता, हे खरं ते सांगते. एक कागद घेऊन गेले असते तर काय बिघडलं असतं? सोमवारपासून काम होतं. ते सिक्युरिटीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "ताई, मी गेलो की परत चढवतील. जरा बघा."

ते गेटच्या बाहेर जातात न जातात तोवर गाडेकर त्या दोघांना म्हणाले, चला रे, चढा. मी खिडकी बंद केली. मालाची वही घेतली, बाहेर गेले आणि फोर्कलिफ्टच्या मागं, हनीफभाई उभे होते तिथंच जाऊन उभी राहिले. गाडेकर म्हणाले, शिंदेताई, आता तुमचं काय? मी म्हटलं, चलनावरचं वजन आणि गाडीची क्षमता वहीत लिहून घेते, खाली तुमची सही करा, मग उचला. त्यांनी वही घेतली नाही. मी तिथून हलले नाही. अर्ध्या तासानं कुणीतरी वर फोन केला, मंजुरी मिळाली आणि तासाभरात क्रेन आली. आली की नाही? एका फोनवर आली.

क्रेननं खोकं उचलून जमिनीवर ठेवलं तेव्हा मी गेटकडं बघितलं. रस्त्याच्या पलीकडं, उन्हातच, पिशवी हातात धरून हनीफभाई उभे होते. खोकं टेकलेलं त्यांनी बघितलं, दोन्ही माणसं कडेला उभी आहेत हेही बघितलं. मग वळले आणि स्टँडच्या दिशेनं चालत गेले. त्यांचा दाखला सहीशिक्क्यासकट अजून एचआरच्या कपाटात आहे.